तुर्की विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा अभ्यास करायचाय? परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

कित्येक आठवडे वाट पाहायची आणि मग फाइल परत यायची. कारण एका ओळीचं: मापनी (मनाची अवस्था मोजणारी ठरावीक विधानांची प्रश्नावली) वापरण्याची परवानगी जोडलेली नाही. पुण्या-मुंबईत मानसशास्त्र शिकून तुर्कस्तानात एम.ए. किंवा पीएच.डी.ला गेलेले, किंवा इथे बसून तिकडच्या प्राध्यापकांबरोबर तुलनात्मक अभ्यास करू पाहणारे, अशा अनेकांचे अर्ज मी पाठवण्याआधी वाचते. चुका त्याच त्याच असतात. हुशार मुलांचं अख्खं सत्र त्यात वाया जातं, म्हणून हे लिहिते आहे.

विषय मोलाचा आहे यात शंका नाही. 2015च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय पाहणीत 15 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की आपल्या आयुष्यावर शून्य ते दहापैकी किती समाधानी आहात. ही पाहणी करणाऱ्या ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी 7.3 होती, तुर्कस्तानची 6.1, त्या गटात सगळ्यात कमी. या आकड्यामागे काय दडलंय हे शोधणारी माणसं हवीच आहेत. म्हणूनच ती कागदांवर अडकली की जीव तुटतो.

अर्ज कोणाकडे करायचा

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास असेल तर आधी स्वतःच्या विद्यापीठाची नीतिसमिती, तिकडच्या भाषेत 'एतिक कुरुल', आणि मग ज्या विद्यापीठात प्रश्नावली भरून घेणार त्याची परवानगी. शाळेतली मुलं असतील तर नीतिसमितीनंतर शिक्षण मंत्रालयाची परवानगीही लागते. एकाच प्रांतातल्या शाळा असतील तर त्या प्रांताचं शिक्षण संचालनालय, एकाहून जास्त प्रांत असतील तर अंकारातलं मंत्रालय. इस्तंबूलची परवानगी घेऊन इझमीरच्या शाळेत गेलात तर मुख्याध्यापक दारातूनच परत पाठवतील, आणि त्यांची काही चूक नसेल.

मंत्रालयाचं 2020चं 2 क्रमांकाचं परिपत्रक बहुतेकांना माहीत असतं. पण परिपत्रकं बदलतात आणि त्यांच्याबरोबर फॉर्मही. मागच्या वर्षी पास झालेल्या मैत्रिणीच्या फाइलमधला फॉर्म उचलू नका. अर्ज भराल त्या दिवशी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

बाकी कागद सरळ आहेत: संशोधनाचा आराखडा, प्रबंधाचा विषय मंजूर झाल्याचा ठराव, प्रश्नावलीची पूर्ण प्रत, संमतीपत्रं, मार्गदर्शकाची सही. भारतात राहून काम करणाऱ्यांनी तिकडचा अर्ज तिकडच्या सहसंशोधकाला करू द्यावा, पण इकडचं विसरू नये. आपल्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी वेगळी लागते. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी भागीदार असेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागेल का, हे आपल्या कमिटीला पहिल्याच आठवड्यात विचारा.

जो कागद कोणाकडेच नसतो

मापनीची परवानगी. लोकांना वाटतं की मापनी शोधनिबंधात छापलेली आहे, म्हणजे सगळ्यांसाठी खुली आहे. तसं नसतं. इंग्रजीत मूळ मापनी एकाने तयार केलेली असते आणि तिचं तुर्की रूप, ते तिथल्या लोकांवर नीट मोजतं का याच्या पडताळणीसह, दुसऱ्याने. समितीला निदान तुर्की रूप करणाऱ्याचं लेखी उत्तर हवं असतं. बहुधा साधा ईमेल चालतो, पण त्यात मापनीचं पूर्ण नाव, तुमचं नाव आणि कामाचा उद्देश दिसला पाहिजे. नुसतं 'हो, वापरा' असं उत्तर आलं असेल, तर ज्या पत्राला ते उत्तर आलं ते पत्रही खाली दिसू द्या. निबंधातला ईमेल पत्ता दहा वर्षं जुना असतो, माणूस विद्यापीठ बदलून गेलेला असतो. उत्तर आलं नाही तर त्यांच्या सध्याच्या विभागाच्या पानावरचा पत्ता शोधा, सहलेखकांना लिहा. या कामाला महिना धरा आणि ते सगळ्यात आधी सुरू करा. बेकची नैराश्य मापनी तर प्रकाशकाच्या हक्काची आहे. तिची प्रत फोटोकॉपीच्या दुकानात मिळते, म्हणून तिचा परवाना मिळाला असं होत नाही.

एकाच मापनीची दोन-तीन तुर्की रूपं असतात, हीही एक अडचण. रिफ यांची मानसिक सुस्थितीची मापनी सहा पैलू मोजते. तिचा 84 विधानांचा लांब प्रकार आहे, आखूड प्रकारही आहेत. अर्जात संदर्भ एकाचा, जोडलेली प्रश्नावली दुसऱ्याची आणि परवानगी तिसऱ्याच माणसाची, अशी फाइल मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुर्की रूपाची पडताळणी कोणत्या वयावर झाली तेही बघा. विद्यापीठातल्या मुलांवर पडताळलेली मापनी तेरा वर्षांच्या मुलीपुढे ठेवली तर समिती अडवणारच.

आणि कृपा करून ओळखीच्या तुर्की मित्राकडून एका रात्रीत भाषांतर करून घेऊ नका. तुर्कीतही 'सेन' आणि 'सिझ' आहे, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं. शाळकरी मुलाला 'सिझ' म्हणून विचारलं की प्रश्न परक्या सरकारी माणसाचा वाटतो. पडताळलेल्या रूपात अशा गोष्टींचा विचार झालेला असतो.

शीर्षक एक, मोजमाप दुसरं

शीर्षकात 'मानसिक सुस्थिती' आणि आत फक्त डास-21. ती मापनी नैराश्य, चिंता आणि ताण मोजते, प्रत्येकी सात विधानं. त्रास नाही म्हणजे माणूस सुस्थितीत आहे, असा अर्थ निघत नाही. दोन्ही मोजायचं असेल तर सोबत सुस्थिती मोजणारी कीझ यांची 14 विधानांची मापनी किंवा जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची मापनी घ्या आणि दोन्हींची नावं अर्जात लिहा. डास ही प्राथमिक चाळणी आहे, रोगाचं निदान नाही. 'इतके टक्के विद्यार्थी नैराश्याचे रुग्ण आढळतील' असं वाक्य आराखड्यात असेल तर ते आत्ताच काढा.

मंजुरीची तारीख

नीतिसमितीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. मागाहून मंजुरी मिळत नाही. चार मैत्रिणींवर 'करून बघू' म्हणून पाठवलेला फॉर्मही प्रबंधात वापरला तर ती माहिती गोळा केल्यासारखीच आहे. तुर्कस्तानातली 'टीआर दिझिन' ही नियतकालिकांची सूची 2020पासून लेखात समितीचं नाव, मंजुरीची तारीख आणि क्रमांक मागते. समितीची बैठक ठरलेल्या दिवशीच होते. ती चुकली की पुढची गाठावी लागते. लोक अर्जाची शेवटची तारीख पाहतात आणि तीच बैठकीची तारीख समजतात. दोन्ही वेगळ्या असतात.

संमती आणि नववा प्रश्न

18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि मुलाचीही स्वतःची तयारी विचारावी लागते, त्याला कळेल अशा भाषेत. इथली फसगत वेगळीच आहे. विद्यापीठात पहिल्या वर्षाला 17 वर्षांची मुलंही असतात. 'विद्यापीठात आहे म्हणजे सज्ञान' असं धरून चालू नका. एकतर वयाची अट घाला, नाहीतर पालकांचं पत्र ठेवा. 'पत्र परत आलं नाही म्हणजे संमती' हा पर्याय मनातूनही काढून टाका.

माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा पुढचा आहे. बेकच्या मापनीतला नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे. पीएचक्यू-9 या नैराश्याच्याच दुसऱ्या मापनीतलाही नववा तसाच. समिती विचारते, एखाद्या मुलाने तिथे 'हो' म्हटलं तर तुम्ही काय कराल? आणि अर्जदाराने वरच लिहिलेलं असतं की प्रश्नावली निनावी आहे. निनावी असेल तर त्या मुलापर्यंत पोहोचणार कसं? यातून सुटायला पळवाट नाही, ठरवावंच लागतं. एकतर तो प्रश्न नसलेली मापनी निवडा, किंवा सांकेतिक क्रमांकाची पद्धत ठेवा आणि तो क्रमांक कोण, कोणत्या परिस्थितीत उघडेल हे संमतीपत्रातच स्पष्ट लिहा. शाळेच्या समुपदेशन विभागाशी, विद्यापीठात असाल तर तिथल्या मानसशास्त्रीय केंद्राशी आधीच बोला आणि त्यांचं पत्र फाइलला लावा. प्रत्येक मुलाच्या हातात, 'हो' म्हणो वा न म्हणो, मदत कुठे मिळेल ते सांगणारा कागद पडला पाहिजे. अधिकारी या मुद्द्यावर अडवतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. एरवी शिक्का जरा तिरका पडला म्हणून फाइल परत करतात तेव्हा मात्र येतो.

वैयक्तिक माहिती

तुर्कस्तानचा वैयक्तिक माहितीबद्दलचा 2016चा 6698 क्रमांकाचा कायदा वाचा, निदान त्याचं सहावं कलम तरी. आरोग्य, धर्म, पंथ, वांशिक मूळ, राजकीय मत यांच्या जोडीने पेहरावही तिथे संवेदनशील माहितीत मोडतो. म्हणजे 'तुम्ही डोक्यावर रुमाल घेता का?' हा वरवर साधा प्रश्नही. लोक सवयीने कुटुंबाचं उत्पन्न, आईवडिलांचा घटस्फोट, धर्म असे वीस प्रश्न सुरुवातीला घालतात आणि पुढे त्यांतले तीनच वापरतात. जो प्रश्न विश्लेषणात येणार नाही तो खोडा. गूगल फॉर्म वापरणार असाल तर माहिती देशाबाहेर साठते, आणि कायद्याचं नववं कलम नेमकं त्याबद्दल आहे. आपल्या विद्यापीठाची स्वतःची यंत्रणा आहे का, विचारा. आणि फॉर्म भरायला ईमेलने लॉगिन करावं लागत असेल तर वर 'निनावी' लिहू नका. ते खोटं ठरतं.

वेळ कोणती

शाळा सप्टेंबरात उघडतात आणि जूनमध्ये मिटतात. जानेवारीच्या अखेरीला सुट्टी लागते. आठवीच्या मुलांची हायस्कूल प्रवेशाची परीक्षा आणि बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, दोन्ही जूनमध्ये. डास मागच्या आठवड्याबद्दल विचारते, जागतिक आरोग्य संघटनेची मापनी मागच्या दोन आठवड्यांबद्दल, कीझ यांची महिन्याबद्दल. मे अखेर बारावीच्या वर्गात डास वाटली तर मुख्यतः परीक्षेची धास्तीच हाती लागते. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ त्यातल्या त्यात बरा, फक्त विद्यापीठात सत्रमध्य परीक्षांचा आठवडा टाळा. म्हणजे अर्ज वसंतातच गेला पाहिजे.

परवानगी मिळाल्यावर मंजूर प्रश्नावलीच्या पानांवर शिक्का असतो. शाळेत त्याच पानांच्या प्रती न्यायच्या. मधे एखादं विधान सुधारलं, क्रम बदलला, एखादा प्रश्न वाढवला, तर पुन्हा अर्ज. म्हणून अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी पूर्ण प्रश्नावली एकदा स्वतः भरून बघा, पेन हातात घेऊन, घड्याळ लावून. चाळीस मिनिटांच्या तासात ती संपत नसेल तर विधानं त्याच दिवशी कमी करा.