पुढची कादंबरी कोणती घ्यावी? (सभासद वाचकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या फिरत्या वाचनालयाचं हे पत्रक तुमच्या पिशवीत पहिल्या पुस्तकाबरोबर येतं. एकदा निवांत वाचा आणि घरी ठेवा, पुढचं पुस्तक मागवताना कामी येईल.

आमच्याकडे एक तक्रार वारंवार येते: "पुस्तक नावाजलेलं होतं, पण आमच्याच्यानं वाचणं झालं नाही." अशा वेळी खोट बहुधा पुस्तकात नसते आणि वाचकातही नसते. रहस्यकथेकडून मागायची ती घाई ग्रामीण कादंबरीकडे मागितली, किंवा ऐतिहासिक कादंबरी शाळेतलं इतिहासाचं पुस्तक समजून वाचली, की हिरमोड ठरलेला. कादंबरी कोणत्या जातीची आहे हे ओळखलं की तिला काय विचारायचं ते कळतं. या पत्रकात मुख्यतः तेच सांगितलं आहे. वाचून झाल्यावर चिठ्ठीत आम्हाला काय लिहायचं, तेही पुढे येईल.

हातात घेतल्यावर पाच मिनिटं

बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीवर गर्दी असली तरी पाच मिनिटं काढा. मलपृष्ठावरचा मजकूर शेवटी वाचा. तो पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो आणि कधी कधी अर्धी गोष्ट सांगून मोकळा होतो. आधी आतलं शीर्षकाचं पान उलटा. मागे पहिल्या आवृत्तीचं साल असतं आणि हातातली प्रत कितवी आवृत्ती किंवा पुनर्मुद्रण आहे तेही असतं. 1960 साली लिहिलेली कादंबरी नव्या गुळगुळीत वेष्टनात आली, तरी तिच्यातली माणसं, पैसा आणि बोलणं त्या काळातलंच राहणार. साल आधी पाहिलं की "हे असं कसं?" हा प्रश्न पडत नाही.

मग पहिलं पान वाचा आणि लगेच पान 60 च्या आसपासचं एखादं संवादाचं पान वाचा. पहिल्या पानावर लेखक मेहनत घेतोच; पुस्तकाचा खरा चालता सूर साठाव्या पानावर सापडतो. ते पान वाचताना पुढचं पान उलटावंसं वाटलं तर पुस्तक घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी नेत असाल तर अक्षराचा आकार तिथेच पाहा. स्वस्त आवृत्त्यांत अक्षर बारीक असतं आणि ओळी दाटीनं बसवलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात डोळे लवकर दमतात.

अनुवादित पुस्तकावर तीन शब्द शोधा. नुसतं "अनुवाद" असेल तर मूळ पुस्तक पूर्ण आहे असं धरायला हरकत नाही. "संक्षिप्त" म्हणजे कापलेलं. "रूपांतर" किंवा "स्वैर अनुवाद" म्हणजे नावं, गावं, कधी शेवटसुद्धा बदललेला असू शकतो. तिन्ही वाचण्याजोगी असतात, पण आपण काय वाचतोय ते ठाऊक असावं.

पानांचे आकडेही सरसर चाळा. पुस्तक बहुधा 16 पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या जुडग्यांनी, बांधलेलं असतं. बांधणीत एक फर्मा राहून गेला की पान 112 नंतर एकदम 129 येतं. कधी तोच फर्मा दोनदा लागतो. असं पुस्तक लगेच परत करा, बदलून देऊ. दोनशे पानं वाचून झाल्यावर हे लक्षात येणं फार वाईट.

वेळेचा हिशेब

घड्याळ लावून 15 मिनिटं नेहमीच्या चालीनं वाचा आणि पानं मोजा. 8 पानं झाली तर तासाला 32. म्हणजे 320 पानांच्या कादंबरीला 10 तास, रोज अर्धा तास वाचलं तर 20 दिवस. आमची मुदत 21 दिवसांची आहे ती याच हिशेबानं. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाला रोज अर्धा तास मिळत नाही, म्हणून दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मुदत आपोआप 35 दिवस होते. त्या दिवसांत दीडशे-दोनशे पानांचं पुस्तक घ्यावं. सातशे पानांचा ठोकळा मे महिन्याच्या दुपारींसाठी राखून ठेवा. तेव्हा तसंही 11 ते 5 घराबाहेर पडवत नाही.

आपल्या मातीतल्या कादंबऱ्या

यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण विदर्भातल्या वाचकाचा हात इथे वरचढ असतो आणि नेमक्या याच कादंबऱ्या आपल्याकडे कमी मागितल्या जातात.

उद्धव शेळके यांची "धग" (1960) आणि गो. नी. दांडेकर यांची पूर्णेकाठची "पूर्णामायची लेकरं" या वऱ्हाडी बोलीच्या कादंबऱ्या. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा. सदानंद देशमुख यांची "बारोमास" 2002 ची. शिकून गावात राहिलेला एकनाथ, त्याचं घर आणि कोरडवाहू शेती यांची ती कादंबरी. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला "मले", "तुले", "पोट्टं" इथे अडखळायला होतं. तुमचं तसं होणार नाही. तरीही काही वाचक सांगतात की बोली छापलेली वाचणं जड जातं. कारण साधं आहे: आपण ती आयुष्यभर ऐकली, वाचली कधी नाही. शाळेत प्रमाण मराठी वाचायची सवय लागलेला डोळा "डोया" आणि "शाया" पाशी थांबतो. उपाय म्हणजे पहिली 10 पानं मोठ्यानं वाचणं. कानाला शब्द लगेच ओळखू येतात, मग डोळाही सरावतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या झाडीबोलीच्या वाचकालाही वऱ्हाडी अशीच वाचून पुरते.

या कादंबऱ्यांत घटनांपेक्षा दिवस मोजले जातात. "पुढे काय झालं" हे विचारत बसलात तर कंटाळा येईल. "हे घर आज कशावर चाललंय?" हे विचारा. "धग" मधली नायिका कौतिक पैसा कुठून आणते, किती आणते, तो कशात जातो, हे पेन्सिलीनं एका कागदावर टिपत गेलात तर सगळी कादंबरी हिशेबाच्या वहीसारखी उलगडते. घाईनं वाचलं तर हा धागा सुटतो. एका बैठकीत 30 पानांपेक्षा जास्त वाचू नका असं आम्ही सुचवतो. दुःख सलग वाचलं की मन बधिर होतं आणि पुढचं लागत नाही.

ऐतिहासिक आणि पौराणिक

सगळ्यात जास्त मागणी यांनाच असते. ऐतिहासिक कादंबरीत तारखा, लढाया, नेमणुका इतिहासातून येतात. बंद दाराआडचं बोलणं लेखक रचतो. हा फरक विसरला की दोन चुका होतात. एक, कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून चारचौघांत सांगितला जातो. दुसरी, एखादी कल्पित व्यक्ती सापडली की सगळं पुस्तकच खोटं ठरवलं जातं. लेखकाची प्रस्तावना आणि शेवटची संदर्भसूची आधी वाचा. काय घेतलं आणि काय रचलं, हे पुष्कळ लेखक तिथे स्वतःच सांगतात.

रणजित देसाई यांची "स्वामी" 1962 ची आणि विश्वास पाटील यांची "पानिपत" 1988 ची. वाचताना मात्र क्रम उलटा लावा. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची; त्याच वर्षी माधवराव पेशवे झाले आणि 1772 मध्ये थेऊरला वारले. आधी "पानिपत" वाचलं की सतराव्या वर्षाच्या आसपास गादीवर आलेल्या त्या मुलाच्या खांद्यावर काय पडलं होतं ते "स्वामी" वाचताना कळतं. दोन्हीत माणसं फार आहेत, म्हणून पुस्तकात वहीचा एक कागद ठेवा: नाव, नातं, कोणाच्या बाजूनं, पहिल्यांदा कोणत्या पानावर. साधारण 25 नावांपर्यंत तो कागद पुरतो. भारताचा साधा नकाशा जवळ असला तर फौजांची वाटचाल बोटानं धरता येते.

पौराणिक कादंबरीची गोष्ट आपल्याला कीर्तनातून, पोथीतून आधीच ठाऊक असते. म्हणून शेवट फुटण्याची भीती नाही. तिथे पाहायचं ते बोलतंय कोण. "ययाति" मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. "मृत्युंजय" मध्ये कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्णही बोलतात. प्रत्येक जण काय सांगतो, आणि काय गाळतो किंवा दडवतो, हे शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकच प्रसंग दोघांच्या तोंडून आला तर दोन्ही पानांचे आकडे लिहून ठेवा. नंतर महाभारतावरच भैरप्पांची "पर्व" घ्या, उमा कुलकर्णी यांनी ती कन्नडमधून मराठीत आणली आहे. तिथे चमत्कार काढून टाकून तीच माणसं उभी केली आहेत. श्रद्धेनं वाचणाऱ्या वाचकाला तिचा आधी धक्का बसतो, म्हणून ती पहिली देत नाही.

रहस्य, भय, विज्ञान

रहस्यकथा तुकड्यातुकड्यांनी वाचू नका. आठ दिवसांचा खंड पडला की तिसऱ्या प्रकरणातली किल्ली किंवा चुकलेली वेळ विसरते, आणि उलगडा झाला तरी आनंद होत नाही. दोन-तीन बैठकांत संपवा. शेवटची 30 पानं उरली की थांबा आणि गुन्हेगाराचं नाव कागदावर लिहा. चुकलात तर मागे जाऊन पाहा, पुरावा तुमच्यासमोर ठेवला होता का? ठेवला असेल आणि तुम्हाला दिसला नसेल तर लेखक जिंकला. ठेवलाच नसेल तर पुस्तक कच्चं, तसं चिठ्ठीत लिहा. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या जुन्या पुस्तिका मात्र तर्कासाठी घेऊ नका. त्यात धाडस आणि वेग आहे, तोच चाखावा.

भयकादंबरीत पहिली पन्नास पानं संथ असतात. ती गाळू नका. घर, अंगण, रोजची माणसं मनात बसल्यावरच पुढचं भय लागतं. नारायण धारपांची पुस्तकं मागणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: घरात भूतबाधेच्या धास्तीनं कोणी बेजार असेल तर मोठ्यानं वाचू नका.

विज्ञान कादंबरी एकच नवी गोष्ट मान्य करायला सांगते. तेवढी मान्य करा आणि पुढचं सगळं तिच्यातून नीट निघतं का ते तपासा. सुरुवातीला जयंत नारळीकर बरे, त्यांची भाषा साधी आहे आणि विज्ञान पक्कं.

अडकलात तर

दोनशे पानांच्या आतल्या पुस्तकाला 40 पानं द्या, मोठ्याला 80. त्यानंतरही जमलं नाही तर खुशाल परत करा, दंड नाही. फक्त कोणत्या पानावर सोडलं ते सांगा. भालचंद्र नेमाडे यांची "कोसला" (1963) पुष्कळ जण पहिल्या चाळीस पानांत सोडतात, कारण ते कथानक शोधत असतात. तिथे शोधायचा तो सांगणाऱ्याचा आवाज. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग कसा बोलतो, तेच पुस्तक आहे. ज्यांच्या घरातलं पोरगं शिकायला बाहेर गेलंय त्यांना आम्ही ती पुन्हा एकदा घ्यायला लावतो.

चिठ्ठी

प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी असते. "छान आहे" एवढंच लिहिलं तर आम्हाला पुढचं पुस्तक निवडता येत नाही. चार ओळी पुरेत, पण त्यात एक तरी पानाचा आकडा हवा. उदाहरणार्थ: "पान 90 पर्यंत सरकत नव्हतं. सासू बोलायला लागली तिथून सोडवेना. शेवट घाईत उरकला. यात शहर फार होतं, पुढचं गावाकडचं द्या." यातून वाचकाला माणसांचं बोलणं आवडतं, वर्णन नको असतं, हे लगेच कळतं. आवडलं नाही तर आवडलं नाही असंच लिहा, कारणासकट. शेवट काय होतो ते चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला लिहू नका. लिहायचंच असेल तर मागे लिहून घडी घाला, कारण पुढच्या वाचकाला ती पुस्तकातच सापडते. पुस्तकाच्या पानांवर पेनानं खुणा करू नयेत, हलकी पेन्सिल चालेल.

गावात पाच-सहा जणांनी मिळून एकच प्रत घेतली तरी चालते, वर्गणी एकाचीच. पारावर किंवा कोणाच्या ओट्यावर रोज एक प्रकरण, 40 मिनिटांच्या आत. वाचणारा दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर एकाच्याच आवाजात सगळी पात्रं सारखी ऐकू येतात. चर्चेत नेहमी बिघडतं ते एकाच जागी: सगळ्यात शिकलेला माणूस आधी बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. म्हणून ज्याला शाळा कमी मिळाली त्याला आधी विचारा, तेही सोप्या प्रश्नानं: "या माणसाच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" गटाची चिठ्ठी एक असली तरी वेगळी मतं वेगळ्या ओळींत लिहा.

पुस्तक सांभाळताना

मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, उधळी एका रात्रीत पुठ्ठा पोखरते. फळी भिंतीपासून चार बोटं लांब असावी. झडीत पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. दर 10-15 पानांत कोरा किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि दोन-तीन तासांनी कागद बदला. पूर्ण वाळल्यावर वर वजन ठेवा. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका, तशीच आणून द्या.

हवी ती कादंबरी आमच्याकडे नसेल तर चिठ्ठीवर नाव, लेखक आणि जमल्यास मागच्या बाजूचा 978 ने सुरू होणारा 13 आकडी क्रमांक लिहा. एकाच नावाची दोन पुस्तकं निघतात तेव्हा हाच आकडा कामी येतो. चिठ्ठ्या बाजाराच्या दिवशी गाडीवरच्या डब्यात टाका. पुढच्या बाजारी पुस्तक तुमच्या नावाच्या पिशवीत असेल, किंवा ते का मिळालं नाही याचं उत्तर.