घसरलेल्या गृहस्थात पंतप्रधान शोधू नका

अठराव्या शतकाच्या धाटणीचं इंग्लिश छापील चित्र दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हा कोण, ब्रिटनचा पंतप्रधान पिट की त्याचा विरोधक फॉक्स?’ अहो, कुणीच नाही. पाय घसरून पडलाय बिचारा!

राजकीय अर्कचित्र तुमच्या ओळखीचंच आहे, पेपरात रोज बघता. दुसरा प्रकार फजितीच्या चित्रांचा: कुणी घोड्यावरून पडतंय, कुणाची गाडी उलटतेय. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, एकाच दुकानात विकली जाणारी, कित्येकदा एकाच हातची. त्यामुळे सही बघून प्रकार ठरवायला जाल तर हमखास फसाल.

इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचंच घ्या. 1805 च्या चित्रात पिट आणि नेपोलियन टेबलावर पृथ्वीगोलाचं पुडिंग कापतायत. पिटच्या वाट्याला समुद्र, नेपोलियनच्या वाट्याला युरोप. दोघांची नावं पुसा, उरतात दोन खादाड. विनोद खलास. त्याच गिलरेने 1808 मध्ये कोरलेल्या चित्रात निसरड्या फुटपाथवर एक गृहस्थ उताणा पडलाय आणि हातात थर्मामीटर तसाच धरलेला आहे. मागे हॅना हम्फ्रीचं दुकान, जिथे गिलरेचीच चित्रं विकली जात. काचेपाशी जमलेली मंडळी त्या चित्रांत गुंग, याच्याकडे पाठ. (दुकानाची जाहिरातही झाली फुकटात.) इथे नाव कळून काय मिळणार? थंडी मोजणारा थंडीनेच आपटला, एवढं पुरे.

खरी गोची इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थच्या 1738 च्या ‘रात्र’ या चित्रात. झिंगलेल्या फ्रीमेसनच्या (एका गुप्त बंधुसंघाच्या सदस्याच्या) डोक्यावर वरच्या खिडकीतून मूत्रपात्र रिकामं होतंय. हा दंडाधिकारी सर टॉमस डी व्हील, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग झालं का राजकीय? माझ्या मते मुळीच नाही. डी व्हील जिन ही दारू विकणाऱ्यांच्या मागे लागलेला, म्हणून ओळखणाऱ्याला चार आणे जास्त गंमत येते. पण न ओळखणाराही हसतोच. चेहरा ओळखीचा आहे का, हे विचारूच नका. नाव काढल्यावर विनोद तगतो का, ते बघा.

तरीही अशा चित्रांखाली ‘तत्कालीन सत्तेवर भाष्य’ छापणाऱ्यांना मी 1787 चं, इंग्लिश व्यंगचित्रकार हेन्री बनबरीच्या चित्रांचं पुस्तक दाखवतो. ‘गॅम्बाडो’ या टोपणनावाने प्रौढांना घोडेस्वारीचे धडे, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. एका चित्राचा मथळाच ‘वाट कशी चुकावी’. राजकीय चित्रांच्या ढिगापेक्षा मला हे एक पुस्तक प्यारं.