कोनाड्यातला रेझर: कोकणातल्या दाढीच्या सामानाची पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी पडवीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. पत्र्याची लहान पेटी, झिजून बोटाएवढा झालेला तुरटीचा खडा, पितळी वाटी आणि लाकडी मुठीचा ब्रश, एवढं दाढीचं सामान आजोबांच्या वेळेपासून तिथेच असतं. पेटीत तीन भागांचा रेझर आहे: वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि खरखरीत दांडा. दांडा पिळला की टोपी पट्टीवर दाबली जाते आणि मधलं पातळ ब्लेड किंचित वाकून घट्ट बसतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे आजच्या रेझरला बसवायच्या तयार पात्यांच्या डोक्याच्या, किमतींना कंटाळलेले माझे भाचे-पुतणे हल्ली हा रेझर मागायला येतात. तो हातात देताना मी त्यांना त्याची हकिगतही सांगतो, कारण तो कसा धरायचा हे त्या हकिगतीतूनच नीट कळतं.

रेझर यायच्या आधी आपली दाढी आपण करायची पद्धतच नव्हती. गावचा न्हावी, मालवणीत म्हालो, ठरलेल्या दिवशी धोकटी घेऊन घरी यायचा. धोकटीत वस्तरा, चामोटी, कातर, नखं काढायची नराणी आणि पाण्याची वाटी. चार पिढ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली असत. जावळ त्याचं आणि दहाव्याचं क्षौरही त्याचंच. मोबदला म्हणजे भातकापणीनंतर खळ्यावर मिळणारं बलुतं. उघडा वस्तरा चालवणं ही कारागिरी होती. पात्याचा कोन, कातडी ताणणारी दुसऱ्या हाताची बोटं, चामोटीवर दिलेली धार हे सगळं लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून शिकावं लागे. ही कारागिरी आजही मला मोठी वाटते.

पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. आंबेडकरांचं मूळ घराणं याच किनारपट्टीवरच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की लहानपणी साताऱ्यात न्हावी होते, तरी घरच्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला कुठलाही न्हावी हात लावत नव्हता. पैसे द्यायची तयारी असूनही. गावागावांत हेच होतं. म्हणून दाढीच्या पात्याची गोष्ट सांगताना मी ही बाजू कधी गाळत नाही. आपल्या हातात धरता येईल असं पातं बाजारात मिळू लागलं आणि निदान दाढीपुरती ही दुसऱ्याच्या मर्जीची गरज संपली. कोकणातल्या कितीतरी घरांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पात्याला आडोसा द्यायची कल्पना मात्र जुनी. १७६०च्या दशकात फ्रान्समधल्या ज्याँ-जाक पेरे या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी कवच बसवलं, म्हणजे पातं कातडीत खोल जाणार नाही. १८४७ मध्ये इंग्लंडात विल्यम हेन्सनने पात्याला दांडा आडवा जोडला. कुदळीला असतो तसा. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आपल्या रेझरचं पेटंट घेतलं. पण या सगळ्यांचं पातं जाडच होतं आणि त्याला वारंवार धार लावावी लागायची. धार लावायची कटकट काढून टाकली ती किंग कॅम्प जिलेटने. चपट्या पोलादी पत्र्याचं, दोन्ही कडांना धार असलेलं आणि बोथट झालं की टाकून द्यायचं पातं त्याच्या डोक्यात १८९५च्या सुमाराला आलं. कागदाइतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार येईल यावर धातूच्या जाणकारांचा विश्वास नव्हता. विल्यम निकरसन या इंजिनिअरने तशी यंत्रं उभी केली तेव्हा काम जमलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ला पेटंट मिळालं.

रेझर फुकटात देऊन ब्लेडांवर पैसा काढायचा, अशी जिलेटची युक्ती असल्याचं सर्रास सांगतात. सुरुवातीला तसं नव्हतं. त्याच्या रेझरची किंमत ५ डॉलर होती, आणि ती कामगाराच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा भाग खाऊन जायची. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाखांच्या आसपास रेझर आणि ३ कोटींहून जास्त ब्लेडं घेतली. रोज आपली आपण दाढी करायची सवय त्या लाखो पुरुषांनी घरी नेली. १९२१ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि मग रेझर खऱ्या अर्थाने स्वस्त झाला. नकला निघाल्या, कारखाने वाढले आणि तीन भोकांच्या ब्लेडाची जागा पुढे लांब खाचेच्या ब्लेडाने घेतली. आज दुकानात मिळणारं कुठलंही ब्लेड आजोबांच्या रेझरमध्ये बसतं ते याच मापामुळे.

आमच्याकडे तो आणला चाकरमान्यांनी, म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेल्या कोकणी माणसांनी. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत वीस-वीस माणसं पाळीपाळीने राहायची. सकाळच्या पाळीच्या भोंग्याआधी न्हाव्याची वाट बघणं परवडणारं नव्हतं. गॅलरीत खिळ्याला आरसा टांगून उभ्या उभ्या दाढी उरकायची. तीच पेटी शिमग्याला, गणपतीला बोटीने जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला उतरायची. आजोबांची पेटीही अशीच आली. ते रजेवर आले की आळीतली पोरं त्यांची दाढी बघायला पडवीच्या कठड्यावर बसत, असं आजी सांगायची.

इथल्या हवेने मात्र त्या ब्लेडांचा छळ मांडला. जुनी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची. खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. आज वापरलेल्या ब्लेडावर उद्या तांबूस डाग दिसायचा. आजोबा दाढी झाली की रेझर उलगडत, ब्लेड धुऊन चुलीजवळ वाळवत आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळत. धार गेली की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर बोटाने दाबून ते मागे-पुढे घासत आणि आणखी दोन-तीन दाढ्या काढत. १९६०च्या दशकात स्टेनलेस स्टीलची ब्लेडं आली तेव्हा शहरातल्या माणसाला ती जास्त टिकतात म्हणून आवडली असतील. किनाऱ्यावर ती गंजत नाहीत हेच मोठं सुख होतं.

तोवर ब्लेडं देशातच बनू लागली होती. मल्होत्रा घराण्याच्या कारखान्यांतलं टोपाझ आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स गावच्या किराणा दुकानात सुतळीच्या गुंड्याशेजारी मिळायचं. दाढीतून निवृत्त झालेलं ब्लेड पेन्सिलीला टोक काढायला, शिलाई उसवायला वापरलं जाई, आणि आमच्याकडे तर आंब्याची कलमं बांधणारेही खिशात नवं ब्लेड ठेवत.

१९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, पाठोपाठ फेकून द्यायचे प्लास्टिकचे रेझर, आणि २०१० मध्ये खास भारतासाठी पंधरा रुपयांचा जिलेट गार्ड. जुना रेझर बऱ्याच घरांतून गेला. ब्लेड मात्र टिकलं, आणि ते टिकवलं सलूनवाल्यांनी. एचआयव्हीची भीती पसरल्यावर गिऱ्हाईक नवं पातं मागू लागलं, तेव्हा न्हाव्यांनी हेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्याच्या खोबणीत बसवायला सुरुवात केली. आज कोकणातल्या लहानशा नाक्यावरही ब्लेडाचं पाकीट मिळतं ते त्यांच्यामुळे.

तेव्हा नवशिक्याने फार खर्च करू नये. तीन भागांचा जड धातूचा रेझर, दोन-तीन वेगवेगळ्या ब्लेडांची पाकिटं, साबण, ब्रश आणि तुरटी, बस्स. आमच्या विहिरीचं जांभ्यातलं पाणी मऊ, त्यात साबणाला घट्ट फेस येतो. खाडीकाठच्या खारवट विहिरीच्या पाण्यात तोच फेस फाटतो. तिथे पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी घ्यावं. चेहरा कोमट पाण्याने भिजवून दोन-तीन मिनिटं ब्रश फिरवावा. दांडा गालाशी साधारण तीस अंशांवर, हलक्या बोटांनी धरावा, आधी केसांच्या वाढीच्या दिशेने, छोट्या छोट्या फटक्यांत. कार्ट्रिजची सवय असलेला हात इथे हटकून दाबतो. मीही दाबलं होतं आणि जबड्याच्या खाली उभी चीर पडली होती. बाबांनी तुरटी लावली आणि म्हणाले, "जोर तू लावू नकोस, त्याच्या वजनाने जाऊ दे." पातं पातळ ठेवून त्याला टोपीखाली वाकवलं आहे ते त्यासाठीच. मानेवर केस वेगवेगळ्या दिशांना वाढतात, म्हणून पहिल्या आठवड्यात मान एकाच फेरीत सोडावी. पावसाळ्यात ब्रश केस खाली करून टांगावा, नाहीतर त्याला बुरशी येते.

आणि वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नयेत. दोन वर्षांपूर्वी पडवीची भिंत नव्याने बांधायला काढली तेव्हा कोनाड्यामागच्या चिऱ्यांच्या फटीत गंजून एकमेकांना चिकटलेल्या ब्लेडांचा गठ्ठाच निघाला. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून आजोबा ती तिथे सारत असत. मी आता पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून तो कोनाड्यात ठेवला आहे.