पखाल, पिंप आणि पोट

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये पोटदुखी एका भाषेत येत नाही. कुणी 'ओटीपोटात कळ मारते' म्हणतं, पूर्व भागातली विडी वळणारी बाई तेलुगूत 'कडुपु नोप्पी' सांगते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये 'होट्टे नोवु'. पुढचं मात्र सगळ्यांना सारखंच: उताणं झोपा, गुडघे दुमडा, तोंडानं श्वास घ्या. डॉक्टर तळहात चोळून ऊबदार करतात, कारण गार हात लागला की पोट आपोआप ताठरतं. दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी, आणि नजर पोटावर कमी, रुग्णाच्या चेहऱ्यावर जास्त. या साध्या दिसणाऱ्या सवयी कुठून आल्या, हे बघण्यासारखं आहे.

सुश्रुतसंहितेत रोग ओळखायच्या सहा वाटा सांगितल्या आहेत: पाच ज्ञानेंद्रियं आणि सहावा प्रश्न. म्हणजे बघा, ऐका, स्पर्श करा, आणि विचारा. उदररोगांचे आठ प्रकार सांगताना जलोदराचं वर्णन येतं ते पखालीच्या उपमेनं. पाण्यानं भरलेली कातडी पखाल जशी हिंदकळते, थरथरते, आवाज करते, तसं हे पोट. चरकसंहितेत वातोदराची खूण याच्या उलट: टिचकी मारली तर फुगवलेल्या पखालीसारखा आवाज येतो. आपल्याकडे विहिरीवर मोट ओढलेली माणसं अजून आहेत. भरलेलं कातडं आणि हवेनं फुगलेलं कातडं यांतला फरक त्यांना शिकवावा लागत नाही. पोट वाजवून पाणी की वारा हे ठरवणं इथं फार जुनं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण म्हणून पुढचं सगळं आधीच माहीत होतं असं म्हणू नये. आवाजावरून यकृताची कड कुठं संपते हे आखून दाखवणं ही नंतरची गोष्ट.

ती युरोपात घडली, तीही उशिरा. अठराव्या शतकात तिथले डॉक्टर हकिगत ऐकत, नाडी आणि लघवी पाहत. अंगाला हात क्वचितच लावत. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे लिओपोल्ड औएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात दारू किती उरली हे वाजवून बघायची युक्ती त्यांनी वडिलांकडे पाहिली, असं सांगतात. १७६१ मध्ये त्यांनी छाती वाजवून तपासण्यावर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक छापलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिझार यांनी त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठं ते वाचलं गेलं. पुढं पॅरिसच्या पिओरी यांनी अंगावर पट्टी ठेवून तिच्यावर ठोकायची रीत काढली आणि ती पोटापर्यंत आणली. आज पट्टीची जागा डाव्या हाताच्या मधल्या बोटानं घेतली आहे.

याच शतकात हिंदुस्थानातल्या हिवतापानं पोट तपासायला एक वेगळं कारण दिलं. १८४०च्या दशकात उत्तरेकडच्या कालव्यांच्या काठी डेम्पस्टर या डॉक्टरांनी गावोगाव लोकांची पोटं चाचपली आणि किती जणांची पाणथरी, म्हणजे हिवतापात वाढणारी प्लीहा, वाढली आहे ते मोजलं. एका माणसाच्या तपासणीतून अख्ख्या गावाचा ताप मोजायची ही कल्पना मला विलक्षण वाटते. वाढलेली पाणथरी डाव्या बरगडीखालून तिरकी, उजव्या जांघेच्या दिशेनं उतरते. म्हणून हात खाली उजवीकडून सुरू करून वर डावीकडे न्यायचा. थेट बरगडीपाशी हात ठेवला तर मोठी पाणथरी तळव्याखालीच राहते, तिची कड बोटांना लागतच नाही आणि ती निसटते.

पोट तपासायच्या खुणांची खरी गर्दी झाली ती १८८० नंतर. भूल आणि जंतुनाशकं आल्यामुळे जिवंत माणसाचं पोट उघडता येऊ लागलं होतं. आधी बोटांना काय लागलं आणि आत काय निघालं, हा ताळा त्याच दिवशी जमू लागला. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्सचा आजार वेगळा ओळखला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी यांनी बेंबी आणि उजव्या कमरेचं पुढचं हाड यांच्यामधल्या रेषेवर या आजारात सगळ्यात जास्त दुखणारी एका बोटाची जागा दाखवली. हाडापासून दीडदोन इंचांवरची. १९०३ मध्ये शिकागोचे मर्फी यांनी उजव्या बरगडीखाली बोटं रोवून श्वास घ्यायला सांगितलं. पित्ताशय सुजलेलं असेल तर रुग्णाचा श्वास मध्येच अडतो. १९०७ मध्ये डेन्मार्कच्या रोव्हसिंग यांनी अपेंडिक्सच्या आजारात डावीकडे दाबलं तर उजवीकडे दुखतं, हे नोंदवलं.

या परंपरेत एक चूकही बरीच वर्षं टिकली. ब्रिटिश सर्जन झॅकरी कोप यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात निदान होण्याआधी मॉर्फिन देऊ नये असं बजावलं. खुणा झाकल्या जातील ही भीती. त्यामुळे कळवळणाऱ्या माणसांना तासन् तास तसंच ठेवलं गेलं. १९९० नंतरच्या चाचण्यांत दिसलं की वेदना कमी केल्यानं निदान बिघडत नाही. उलट पोट सैल पडून तपासता येतं. हे प्रत्येक वॉर्डात पोचायला हवं.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सोनोग्राफीवरचा लेख छापला. त्यात एका बाईची हकिगत होती. तपासून तिच्या पोटात पाणी झालं आहे, जठराचा कर्करोग पसरला आहे, असं ठरलं होतं. यंत्राला दिसली ती बीजकोशाची मोठी गाठ, आणि ती काढता आली. पखालीचा तोच प्रश्न, पाणी कुठं आहे आणि कशात आहे, हाताला सुटला नव्हता. आवाजानंच, पण कानाला न येणाऱ्या आवाजानं सोडवला.

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बाहेरगावचं पोर इथं शिकायला येतं तेव्हा 'एल्लि नोवु?' आणि 'एक्कड नोप्पी?', म्हणजे 'कुठं दुखतं?', हे दोन प्रश्न पाठ करतं. मग बाई पदर सावरत, संकोचत, आपल्याच एका बोटानं जागा दाखवते, आणि विद्यार्थी तिथून लांब, दुसऱ्या बाजूनं हात ठेवतो.