कोरियात पाश्चात्त्य किराणा: काय, कुठे आणि कोणत्या नावाने मागायचे

तळेगाव-रांजणगाव पट्ट्यातल्या कंपन्यांमधून वर्ष-दोन वर्षांसाठी दक्षिण कोरियाला निघालेल्या कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक आहे. ह्वासॉंग, सुवॉन, छांगवॉन, उल्सान, कुठेही गेलात तरी तांदूळ, भाजी, अंडी यांची चिंता नको. अडते ते लोणी, चीज, क्रीम, ओट्स, बेकिंगचे सामान अशा जिनसांपाशी, आणि मुलांना डब्यात नेमके तेच हवे असते.

यातले जवळजवळ सगळे कोरियात मिळते. युरोपीय संघाबरोबरचा मुक्त व्यापार करार 2011 पासून आणि अमेरिकेबरोबरचा 2012 पासून लागू झाला. तेव्हापासून तिकडच्या मालावरची जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली. आता पैसे वाया जातात ते मुख्यतः दिसायला तसेच, पण आत भलतेच असलेले पाकीट उचलल्यामुळे. म्हणून दुकानांच्या आधी लेबल.

पाकिटाची मागची बाजू

कोरियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. हंगुल लिपीतली यादी आमच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. दुकानात ती दाखवता येते, ॲपमध्ये तीच चिकटवून शोधता येते. परदेशी मालावरही मागे कोरियन भाषेतला स्टिकर असतो, तो लावणे आयातदाराला बंधनकारक आहे. त्यावर 'शिकफुम युह्यॉंग' म्हणजे खाद्यप्रकार अशी ओळ शोधा. पुढच्या बाजूला गाय, गवत, डोंगर काहीही छापलेले असो, खरे काय ते या ओळीत असते.

लोण्याच्या पाकिटावर या ओळीत नुसते 'बॉथॉ' असेल तर ते खरे लोणी, म्हणजे किमान 80 टक्के दुग्धस्निग्धांश. 'गागोंग बॉथॉ' असेल तर त्यात वनस्पती तेल मिसळलेले आहे. हे स्वस्त असते आणि शेजारीच ठेवलेले असते. पोळीवर लावायला कदाचित चालेल, पण त्याचे तूप कढवायला घेतलेत तर वास येत नाही, कणी पडत नाही आणि भांड्यात उरते ते बरेचसे तेल. तूप घरी करणार असाल तर बिनमिठाचे, म्हणजे 'मुयॉम' लिहिलेले लोणी घ्या.

चीजचेही तसेच. 'जायॉन चीज' म्हणजे नैसर्गिक, 'गागोंग चीज' म्हणजे प्रक्रिया केलेले. तिसरा प्रकार 'मोजो चीज', म्हणजे वनस्पती तेलापासून केलेली नक्कल. स्वस्त गोठवलेल्या पिझ्झावर ती सर्रास असते. किसलेले मोझरेला घेताना हे नक्की पाहा.

क्रीममध्ये सर्वांत जास्त फसगत होते. 'सेंग क्रीम' हे दुधाचे ताजे क्रीम, 'ह्विपिंग क्रीम' मात्र दुधाचेही असू शकते आणि वनस्पती तेलाचेही. ओळखीचे शब्द दोन: 'दोंगमुलसॉंग' म्हणजे प्राणिज, 'शिंगमुलसॉंग' म्हणजे वनस्पतिजन्य. वनस्पतिजन्य क्रीम बहुधा आधीच गोड असते. ते पास्त्यात किंवा पनीर माखनीत घातले की सगळा पदार्थ खिरीसारखा लागतो आणि मग कितीही मीठ-तिखट घातले तरी सावरत नाही. ताजे सेंग क्रीम कमी दिवस टिकते आणि मधूनमधून बाजारातून गायब होते. फ्रीझरमध्ये ठेवून साठा करू नका, स्निग्धांश फुटतो आणि ते फेटले जात नाही.

दह्याच्या डब्यावर 'प्लेन' लिहिलेले असले तरी त्यात साखर असू शकते. 'मुगादांग', म्हणजे साखर न घातलेले, हा शब्द हवा. विरजणाला हेच घ्या. पीनट बटर, ब्रेड, गार्लिक ब्रेड, काकडीचे पिकल, सगळेच आपल्या अपेक्षेपेक्षा गोड असते. पीनट बटर घेताना घटकांत शेंगदाणे 100 टक्के आहेत का ते बघा. आंबट डिल पिकल हवे तर आयात केलेलेच घ्यावे लागते.

शाकाहारी कुटुंबांसाठी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे अ‍ॅलर्जीची चौकट. घटकांच्या यादीजवळ वेगळ्या रंगाच्या पट्टीत काही नावे आणि शेवटी 'हाम्यू' म्हणजे 'असलेले' असे छापलेले असते. कोरियन नियमांप्रमाणे तिथे गोमांस (स्वेगोगी), डुकराचे मांस (द्वेजीगोगी), कोंबडी (दाकगोगी), अंडी (नाल्ल्यू), दूध (उयू), कोळंबी (सेऊ) यांची नोंद करावीच लागते. सूप, सॉस, चिप्सवरचा मसाला यांत गोमांसाचा अर्क किती ठिकाणी असतो ते या चौकटीतच कळते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: सुकी अँकोव्ही मासळी आणि टुना या सक्तीच्या यादीत नाहीत. त्यासाठी घटकांची पूर्ण यादी पापागो या भाषांतराच्या ॲपच्या कॅमेऱ्यातून वाचून घ्या. चौकटीखाली बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असते: याच कारखान्यात अमुक पदार्थही बनतात. ते वेगळे, ते वाचून घाबरू नका.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिलेली असते. 2023 पासून 'सोबिगिहान', म्हणजे या तारखेपर्यंत खावे अशी पद्धत लागू झाली. त्याआधी 'युथोंगगिहान', म्हणजे विक्रीची शेवटची तारीख असायची आणि त्यानंतरही काही दिवस माल चालायचा. नव्या तारखेत तेवढी सवलत धरू नका. आयात मालावर मूळ देशाची तारीखही छापलेली असते, तिचा क्रम निराळा असू शकतो.

पीठ, सोडा, साखर

मैद्याची पाकिटे तीन प्रकारची: ब्रेडसाठी 'गांग्न्यॉकबुन', सर्वसाधारण वापराला 'जुंग्न्यॉकबुन', केकसाठी 'बांग्न्यॉकबुन'. पाव, पिझ्झा, नान करायचा तर पहिले. केकला ते वापरलेत तर केक चिवट होतो, कारण त्यात प्रथिने जास्त असतात. चपातीची कणीक या तिन्हींत नाही. ती भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानातूनच आणा.

बेकिंग सोडा विकत घेताना विशेष सावध राहा. स्वस्त, मोठ्या पिशव्यांतला सोडा बहुतेक वेळा भांडी-कपडे धुण्याचा असतो आणि तो घरगुती सामानाच्या दुकानात सहज हाताशी येतो. खाण्याच्या सोड्यावर 'शिग्योंग' किंवा 'शिकसोदा' असते. ते नसेल तर पाकीट परत ठेवा.

ब्राउन शुगर म्हणून मिळणारी कोरियन साखर कोरडी आणि सुटी असते, कुकीजला लागणारा ओलसर चिकटपणा तिच्यात नसतो. मस्कोव्हाडो मागा. व्हॅनिलाची पांढरी पावडर म्हणजे नुसता वास, अर्क हवा तर 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' पाहून घ्या. आणि हे सगळे घेण्याआधी घरात ओव्हन आहे का ते बघा. बऱ्याच कोरियन घरांत नसतो, तिथे एअर फ्रायरमध्ये मावेल एवढाच साचा घ्या.

सोलमध्ये बेकिंगचे सामान एका जागी हवे असेल तर उल्जिरो 4-गा स्टेशनजवळचा बांगसान बाजार गाठा. साचे, यीस्ट, चॉकलेट, पाकिटे, सगळे तिथे मिळते.

दुकाने

ईमार्ट, लोट्टे मार्ट यांसारख्या मोठ्या दुकानांत पास्ता, ऑलिव्ह तेल, डब्यातले टोमॅटो, ओट्स, साधे चीज मिळते. फळीवरच्या किमतीखाली लहान अक्षरांत 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरचा दर असतो, तुलना त्याच्याशीच करा. 'एकावर एक' योजना नेहमीच स्वस्त पडते असे नाही. बऱ्याच भागांत ही मोठी दुकाने महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बंद असतात. काही शहरांनी ही सुट्टी आठवड्यातल्या इतर दिवशी हलवली आहे, म्हणून निघण्यापूर्वी नेव्हर मॅपवर त्या शाखेचे पान उघडून पाहा. कॉस्टको या घाऊक दुकानालाही सुट्टीचा हाच नियम आहे.

कॉस्टकोत चेडर, परमेसान, लोणी, बदाम, मेपल सिरप, टॉर्टिया यांचा दर चांगला असतो, मात्र सदस्यत्व लागते. पैसे देताना फक्त ह्युंदाई कार्ड किंवा रोख चालते. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला क्रेडिट कार्ड लगेच मिळत नाही, तेव्हा रोख घेऊनच जा. पाकिटे मोठी असतात आणि एका खोलीच्या घरातला फ्रीझर लहान. किसलेले चीज आणल्याच दिवशी 200-200 ग्रॅमच्या पिशव्यांत हवा काढून फ्रीझरमध्ये टाका, लोणीही तसेच. सदस्यत्व नको असेल तर ईमार्ट ट्रेडर्समध्ये साधारण तसाच माल, सदस्य कार्डाविना मिळतो.

सोलमधला इटेवॉन भाग परदेशी किराण्यासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. सहा नंबरच्या मेट्रोने इटेवॉन स्टेशनला उतरा, निर्गम 3 मधून बाहेर पडून मशिदीकडे चढत जा. या चढावर परदेशी मालाची दुकाने आहेत: छोले, डाळी, मसाले, कणीक, ओट्स, सॉस, नारळाचे दूध. आन्सानला (मेट्रो मार्ग 4) वॉनगोक-दोंग भागात आणि दक्षिणेकडे गिमहेच्या दोंगसांग-दोंगमध्येही आशियाई किराणा चांगला मिळतो. छांगवॉनकरांनी त्यासाठी सोलची वारी करू नये. जिरे संपले आणि जवळ भारतीय दुकान नसेल तर मटणाच्या शिगा विकणाऱ्या चिनी वस्तीत 'च्चरान' मागा, तेच जिरे. कोथिंबिरीला 'गोसू' म्हणतात, छोल्यांना 'ब्यॉंगारीखोंग'.

बुसानचा बुप्यॉंग खांगथोंग बाजारही पाहण्यासारखा आहे. 'खांगथोंग' म्हणजे पत्र्याचा डबा. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याकडून बाहेर आलेले डबाबंद खाद्यपदार्थ इथे विकले जात, त्यावरून हे नाव पडले. आयात केलेल्या खाऊची दुकाने तिथे आजही आहेत.

घरपोच

सोलबाहेर राहणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे कूपांग हे ऑनलाइन खरेदीचे ॲप. मार्केट कर्ली या तशाच दुसऱ्या ॲपवर चीज आणि ब्रेड अधिक निवडक मिळतात. खाते उघडायला तुमच्या नावावरचा कोरियन फोन नंबर हवा आणि त्यासाठी रहिवासी कार्ड, म्हणजे पहिले काही आठवडे दुकानांवरच भागवा. ओळख पडताळणी नाकारली जाते तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असते: नाव जुळत नाही. रहिवासी कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव ज्या क्रमाने, ज्या मोठ्या अक्षरांत आणि जितक्या मोकळ्या जागा सोडून छापले आहे, तसेच ते फोन कंपनीकडे, बँकेत आणि ॲपमध्ये हवे. आपली नावे लांब असल्याने कुठेतरी शेवटची अक्षरे कापली जातात. सिम घेतानाच पावतीवर तपासा.

पत्त्याबरोबर इमारतीच्या मुख्य दाराचा संकेतांक भरा. पहाटेची डिलिव्हरी करणारा माणूस फोन करत नाही. संकेतांक चुकला तर लोणी आणि क्रीम उन्हाळ्यात इमारतीबाहेर पडून राहते.

परदेशातून मागवताना आणि बॅग भरताना

आयहर्बसारख्या संकेतस्थळावरून किंवा कूपांगच्या रॉकेट जिकगू या परदेशी मालाच्या सेवेतून मागवताना सीमाशुल्क खात्याचा वैयक्तिक क्रमांक लागतो, 'गेइन थोंग्ग्वान गोयू बुहो'. तो 'पी' अक्षराने सुरू होतो आणि पुढे 12 आकडे असतात. क्रमांकाशी जोडलेले नाव व फोन आणि पार्सलवरचे नाव व फोन सारखे नसतील तर माल अडकतो. स्वतःच्या वापराचा माल 150 डॉलरपर्यंत असेल तर जकात लागत नाही. एकाच विक्रेत्याकडून एकाच दिवशी दोन ऑर्डरी करून रक्कम विभागलीत तर त्या एकत्र धरल्या जातात. मांस असलेले पदार्थ, जर्की, सॉसेज मागवू नका. मेलाटोनिन घातलेल्या गोळ्याही नकोत, कोरियात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे.

आणि खसखस. कोरियात तिची गणना अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या वस्तूंत होते. अमेरिकेतून येणारा 'एव्हरीथिंग बेगल' मसाला त्यातल्या खसखशीमुळे विमानतळावर जप्त होतो, मग आपल्या अनारशांची आणि घरच्या गरम मसाल्यातली खसखस कशी चालेल? बॅग भरण्याआधी आईने, सासूबाईंनी दिलेल्या प्रत्येक मसाल्यात ती आहे का ते विचारून घ्या. ताजा कढीपत्ता, आंबे, बियाणे, मांसाचे पदार्थ नेऊ नका. काही शंका असेल तर ते सामान उतरल्यावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. मांसाचे पदार्थ लपवून आणल्यास दंड 1 कोटी वॉनपर्यंत जाऊ शकतो.