फोटोतल्या चतुराला नाव देताना

पोळा-गणपतीच्या सुमारास जळगावच्या मेहरूण तलावाकाठी, वाघूरच्या कालव्यावर किंवा शिरपूरकडच्या एखाद्या शेततळ्यावर मोबाईल बाहेर काढला, की पहिला फोटो बहुधा लाल चतुराचा, म्हणजे ड्रॅगनफ्लायचा मिळतो. फोटो छान येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, हा कुठला? नुसतं 'लाल चतुर' म्हणून भागत नाही, कारण साचलेल्या पाण्याच्या एकाच बांधावर निदान तीन जातींचे लाल नर बसलेले असू शकतात. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया अंगभर लालभडक, पोटावर मधोमध बारीक काळी रेघ, पायही तांबूस. ट्रायथेमिस ऑरोराचा लाल जांभळटाकडे झुकलेला, पंखांच्या शिरासुद्धा लाल, पण पाय काळे. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा गावाच्या सांडपाण्यावरही टिकून राहतो, त्याच्या पंखांवर रुंद नारिंगी पट्टा असतो. फोटो वरून आणि भर उन्हात घेतला तर लाल रंग फुटतो, काळी रेघ त्यात बुडते आणि पाय अंगाखाली झाकले जातात. मग जाणकाराचंही उत्तर 'बहुतेक अमुक' इतकंच येतं.

असं का होतं, ते कळायला ओळख ठरवण्याची रीत कुठून आली हे पाहावं लागतं. ती रीत हातात धरलेल्या, मेलेल्या, पिनेला टोचलेल्या कीटकासाठी घडली.

सुरुवातीची नावं जहाजांतून युरोपात पोचलेल्या नमुन्यांना पडली. सजीवांना दुहेरी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसने १७५८ साली सगळे चतुर आणि टाचण्या (चतुरांचे नाजूक, बारीक अंगाचे भाऊबंद, डॅमसेलफ्लाय) लिबेलुला या एकाच वंशात घातले होते. लंडनचा ड्रू ड्रुरी हा पेशाने चांदीकाम करणारा. तो जहाजांच्या कप्तानांना सांगून देशोदेशीचे कीटक मागवायचा. सर्व्हिलिया आणि आपल्याकडे प्रत्येक शेतात दिसणारा हिरवट-काळा ऑर्थेट्रम सबिना, या दोन्ही जातींची नावं १७७०च्या दशकात त्याने दिली. लिनिअसचा डॅनिश शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये या कीटकांचा वेगळा गण केला, ओडोनाटा. पँटाला फ्लॅवेसेन्सचं वर्णनही त्याचंच, १७९८ सालचं. काळ्या कातळावर बसला की डोळ्यांना दिसतच नाही तो ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा फ्रेंच रांबूरच्या खात्यावर, १८४२चा. या मंडळींपुढे टेबलावर यायचा तो सुकलेला देह. तो कुठल्या पाण्यावर उडत होता, कसा बसत होता, डोळे कुठल्या रंगाचे होते, यातलं काही त्यांना दिसलेलं नसायचं.

भारतापुरतं हे काम ज्याने एकहाती उभं केलं तो लष्करी डॉक्टर होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर, जन्म १८८०, मृत्यू १९६३. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९१८ पासून त्याची लेखमाला येत राहिली आणि मग 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत १९३३, १९३४ आणि १९३६ असे ओडोनाटाचे तीन खंड निघाले. नव्वद वर्षं होत आली तरी अभ्यासकाला आजही ते उघडावेच लागतात. त्याचा पिंड जंगल-झऱ्यांचा. कूर्ग, निलगिरी, मलबार ही नावं त्या खंडांत पुन्हा पुन्हा भेटतात.

फ्रेझरच्या ओळख-किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणारे तक्ते, उघडल्या की नवख्या माणसाचा धीर सुटतो. पंखाच्या पुढच्या कडेला मधल्या गाठीच्या आधी किती आडव्या शिरा आहेत ते मोजा, पंखातला त्रिकोणी कप्पा पाहा, पोटाच्या टोकाचे चिमटे बाजूने आणि वरून तपासा. रंगाचा उल्लेख असतो, पण भिस्त त्यावर नसते, आणि त्याला कारण आहे. चतुर मेला की डोळ्यांचा रंग आधी जातो. पोट आतून कुजतं आणि काळवंडतं, निळ्याचा मातकट होतो. अ‍ॅसिटोनमध्ये ठेवल्यावर अंगाचे रंग बरेच टिकतात, डोळ्यांचे तरीही नाही. शिरा आणि चिमटे मात्र शंभर वर्षांनीही जसेच्या तसे राहतात. त्यातही चिमट्यांना इतकं वजन का, हे एकदा समजून घेतलं की सगळी किल्लीच सोपी वाटू लागते. जुगताना नर या चिमट्यांनी चतुर-मादीचं डोकं, आणि टाचणीच्या बाबतीत मादीच्या छातीचा पुढचा भाग, पकडतो. पकड जातीजातीची वेगळी. त्यामुळे रंगाने जुळे वाटणारे दोन नरही चिमट्यांवरून बहुधा वेगळे निघतात.

फोटोने हे सगळं उलटं केलं. फिल्मच्या काळात छत्तीस फोटोंचा रोल आणि धुलाईचा खर्च. तो टाचणीवर घालवणारे थोडेच असणार. डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाईल, आणि जिवंत डोळ्यांचा खरा रंग प्रथमच हजारो लोकांच्या हातात आला. २००९ मध्ये विज्ञान प्रसारने के. ए. सुब्रमण्यन यांची फोटोंसह क्षेत्रपुस्तिका काढली, तेव्हा जाळं-पिन न वापरणाऱ्या माणसालाही या विषयात पाय ठेवायला जागा झाली. पण जो रंग फोटोत सगळ्यात ठळक येतो, त्यावरच जुन्या शास्त्राने भार टाकला नव्हता. आणि ज्या चिमट्यांवर टाकला, ते फोटोत धूसर येतात. हौशी फोटोवरून नाव सांगताना जी काही अडखळ होते, ती बव्हंशी या जोडावर होते.

उदाहरणार्थ स्यूडॅग्रिऑन वंशातली निळी टाचणी घ्या. मायक्रोसेफॅलम आणि ऑस्ट्रेलेशी या दोन जातींचे नर लांबून एकच वाटतात, दोघेही निळे-काळे, दोघेही पाण्याकाठच्या गवतावर. फोटोत टोकाचे चिमटे स्पष्ट आले तरच निकाल लागतो. म्हणून फोटो बाजूने, टाचणीच्या उंचीला खाली बसून घ्यावा आणि शेपटीचं टोक फोकसमध्ये आहे ना ते तपासावं. बाजूच्या फोटोचा आणखी एक फायदा म्हणजे नर-मादी कळतात. नराच्या पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली छोटा उंचवटा असतो, तो तिथेच दिसतो.

वयाचा घोळ वेगळाच. पिल्लाची कात टाकून नुकत्याच बाहेर पडलेल्या चतुराचे पंख चकचकीत आणि अंग फिकट. ऑर्थेट्रमचे अनेक नर जसजसे पिकतात तसतशी त्यांच्या अंगावर, जांभळावर असते तशी, निळसर-पांढरी भुकटी चढते आणि तरुणपणीचे पट्टे झाकून टाकते. इश्नुरा सेनेगॅलेन्सिसची कोवळी मादी चक्क नारिंगी असते. पहिल्यांदा पाहणारा तिला वेगळी जात समजतो आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच वंशातली पिवळ्या पोटाची लहान टाचणी जुन्या याद्यांत इश्नुरा ऑरोरा म्हणून सापडेल, आता भारतातल्या या टाचणीला इश्नुरा रुबिलिओ म्हणतात. जुने फोटो पुन्हा चाळताना हे ध्यानात ठेवावं. मादीचं नाव अडलं तर जोडीचा फोटो सगळ्यात कामाचा, कारण नर ओळखला की सोबतची मादी बहुधा ओळखू येते.

आता खान्देश. पाऊस साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळा पंचेचाळीसच्या घरातला, उन्हाळ्यात नाले कोरडेठाक. अशा भागाकडे चतुर शोधायला कोण जाणार, असं वाटू शकतं. पण पाण्याचे प्रकार इथे पुष्कळ आहेत. तापीवरचं हतनूर, सातपुड्यात पालजवळची सुकी नदी, तोरणमाळचा यशवंत तलाव, पांझरेवरच्या जुन्या फड बागायतीचे दगडी बंधारे आणि त्यांचे पाट, रावेर-यावलच्या केळीबागांतलं सिंचन. वाहतं पाणी, डबकं, खडकातला डोह, सिमेंटची टाकी, प्रत्येकाची वस्ती वेगळी. काळा दगड आणि पाण्याच्या टाक्या हे तर ब्रॅडिनोपायगाचं घरच.

प्राण्यांच्या नोंदींच्या बाबतीत खान्देशाने एक मोठा धडा पाहिलेला आहे, चतुरांचा नाही, पक्ष्याचा. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात शहादा-तळोदा भागात रानपिंगळ्याचे, म्हणजे एका छोट्या घुबडाचे, नमुने गोळा केले. पुढे रिचर्ड मायनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीसंग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळवला असं सांगितलं, आणि त्या नोंदीवर विसंबून लोक भलतीकडे शोधत राहिले. तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच, चोरून नवं लेबल लावलेला होता, हे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी उघड केलं. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या जागांवर शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळच पुन्हा सापडला. पक्षी तोच, पिसं तीच. लेबलावरचं गाव आणि साल बदललं आणि कित्येक वर्षांची दिशा चुकली.

फोटोचं लेबल म्हणजे त्याची तारीख आणि जागा. मोबाईल ती आपसूक नोंदवतो, पण फोटो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेला की ती बहुतेकदा गळून पडते आणि 'जळगाव जिल्हा' एवढंच उरतं. मूळ फाईल जपा, गाव आणि पाण्याचं नाव लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. याचा अर्थ नमुन्याचे दिवस संपले असा नाही. २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स आणि २०२० मध्ये कोकणातूनच ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस या नव्या जाती जाहीर झाल्या, त्या नमुने तपासून, चिमटे मापून. फोटो कुठे शोधायचं ते दाखवतो, नवी जात सिद्ध करणं अजून प्रयोगशाळेकडेच आहे.

खान्देशातल्या फोटोंकडून मला दोन गोष्टींची विशेष अपेक्षा आहे. पहिली पँटालाची. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढून हा चतुर शेतांवर थव्याने घिरट्या घालतो; पोरं त्यालाच हेलिकॉप्टर म्हणतात. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे थवे भारतावरून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. मालदीवला ते ऑक्टोबरपासून मोठ्या संख्येने उतरतात. कपाशीच्या शेतांवरचे थवे कुठल्या आठवड्यात दिसतात आणि कधी विरळ होतात, याचे तारखेसह फोटो वर्षानुवर्षं साठले, तर या वाटेचा आपल्या भागातला टप्पा आखता येईल. दुसरी गोष्ट वाळूची. गोम्फिड कुळातल्या चतुरांचे दोन्ही डोळे एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे समोरून घेतलेल्या फोटोत हे कुळ चटकन कळतं. त्यातल्या पॅरागोम्फस लिनिएटसची पिल्लं नदीच्या वाळूत रुतून वाढतात. गिरणा, तापी, पांझरेची वाळू ज्या वेगाने उपसली जाते आहे ते खान्देशात कुणाला सांगायला नको. कुठल्या पात्रात हा चतुर अजून दिसतो याची आज नोंद झाली नाही, तर वाळू गेल्यावर ती नोंद करायला दुसरी संधी नाही.