केनेसॉ: बंदुकीच्या सक्तीने गुन्हे घटले?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ गावाची गोष्ट अधूनमधून फिरत येते: 1982 मध्ये प्रत्येक घरात बंदूक सक्तीची केली आणि गुन्हेगारी जवळपास नाहीशी झाली. यातला ठराव खरा आहे. इलिनॉयमधल्या मॉर्टन ग्रोव्हने 1981 मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली, त्याला दिलेलं ते राजकीय उत्तर होतं. पण ठरावातच पळवाटा आहेत. ज्याला तत्त्व म्हणून किंवा धर्मामुळे बंदूक नको, त्याला सूट आहे. सक्तीची अंमलबजावणी तर झालीच नाही.

मग घट कुठून आली? गाव तेव्हा जेमतेम पाच हजारांचं. हिंसक गुन्हे आधीही मोजकेच. अशा ठिकाणी दोन-चार घटना कमीजास्त झाल्या की टक्केवारी कोलांट्या मारते, आणि 'घरफोड्या 89 टक्क्यांनी घटल्या' असं छापायला सोपं जातं. संशोधकांनी 1976 ते 1986 च्या घरफोड्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा ठरावानंतर लक्षणीय घट आढळली नाही.

आज केनेसॉ तुलनेने सुरक्षित आहे, हे खरं. पण अटलांटाजवळची अशी सुखवस्तू उपनगरं या ठरावाशिवायही सुरक्षित असतात.